मान वाकडी झालेलं कोंबडीचं पिल्लू: घरी काय करायचं आणि कुठे थांबायचं

मान पाठीवर पडलेली, चोच आभाळाकडे, दोन पावलं मागे मागे जाऊन धपकन बसणं. किंवा पंजे मुठीसारखे आत वळलेले आणि पिल्लू टाचेच्या सांध्यावर बसून पंखांच्या आधाराने सरपटतंय. असं काही दिसलं की गावाकडे एकच निदान होतं, ‘मानमोडी आली’, म्हणजे राणीखेत हा विषाणूचा रोग. मग एकतर पिल्लू उकिरड्यावर जातं, नाहीतर दुकानातून मिळेल ते अँटिबायोटिक पाण्यात पडतं. दोन्ही घाईचंच. मान वाकडी होण्यामागे, पाय जाण्यामागे निदान आठ-दहा कारणं असतात. त्यातली काही घरच्या घरी बरी होतात, काहींवर औषधच नाही, आणि काहींमध्ये घरी उपचार करत बसणंच धोक्याचं असतं. आपण नक्की कुठे आहोत हे ओळखण्यासाठी हा लेख आहे. परसात दहा-पंधरा गावठी, गिरिराज किंवा कावेरी कोंबड्या पाळणारा माणूस मी समोर धरला आहे.

पहिलं काम: वेगळं काढा

औषधाचा विचार नंतर. आजारी पिल्लू लगेच बाकीच्यांपासून लांब न्या, शक्यतो वेगळ्या खोलीत किंवा पडवीच्या दुसऱ्या टोकाला. त्याचं पाण्याचं भांडं, खाद्याची वाटी वेगळी. रोज आधी निरोगी कोंबड्यांचं सगळं उरकायचं, मग आजारी पिल्लाकडे जायचं. उलट क्रम कधीही नाही. हात साबणाने धुवायचे आणि खुराड्यात जायची चप्पल वेगळी ठेवायची. राणीखेतचा विषाणू चपलेला लागलेल्या विष्ठेतूनही पसरतो, आणि माणसाच्या डोळ्यात गेला तर डोळे येतात. म्हणून पिल्लू हाताळताना डोळे चोळू नका.

वेगळं काढण्याचा दुसरा फायदा असा की मान वाकडी झालेल्या पिल्लाला बाकीची चोची मारतात. बरं होऊ शकणारं पिल्लू कितीदा तरी भावंडांच्या चोचींनीच जातं.

आता पाच मिनिटं कळपाकडे बघा

हे पिल्लू एकटंच आजारी आहे का? की दोन दिवसांत तीन-चार मेली, मोठ्या कोंबड्याही मान खाली घालून बसल्यात, घशातून घरघर येते, हिरवी पातळ हगवण आहे, तुरा निळसर-काळा पडलाय, डोकं सुजलंय? कळपात मर लागली असेल तर घरगुती उपचार तिथेच थांबवा. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा. राणीखेत आणि बर्ड फ्लू बाहेरून ओळखू येतील इतके वेगळे दिसत नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२१ मध्ये तो परभणीच्या मुरुंब्यात निघाला. म्हणजे हे आपल्याकडे घडून गेलेलं आहे. असे रोग कळवणं ही २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार मालकाचीच जबाबदारी आहे. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नका, उरलेले कापून खाऊ नका, आणि ‘मरायच्या आत विकून टाकू’ म्हणून आठवडी बाजारात तर मुळीच नेऊ नका. एका गावातली मर चार गावांत जाते ती बहुतेक अशीच, बाजाराच्या डालग्यातून.

एकच पिल्लू, किंवा एकाच वयाची, एकच खाद्य खाणारी दोन-तीन पिल्लं आजारी असतील आणि मोठ्या कोंबड्या ठणठणीत असतील, तर पुढे वाचा.

लक्षण नीट वाचा

पिल्लाला सपाट, खरबरीत जागेवर ठेवा, गोणपाट उत्तम. जरा लांब बसून बघा. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, डॉक्टरांना दाखवायला आणि उद्या तुलना करायला तो उपयोगी पडतो. मग हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्या. छातीचं हाड टोचतं का, गळ्याखालची अन्नपिशवी भरलेली आहे की रिकामी, ते चाचपा.

चोच वर, मान पाठीवर, पाय दुमडून बसलेलं: हे बी-१ जीवनसत्त्व कमी पडल्याचं ठळक चित्र. पण राणीखेतमधून वाचलेल्या पिल्लाची मानही अशीच पिळवटलेली राहते. फरक इतिहासात सापडतो. राणीखेतमध्ये आधी शिंका, घरघर, हिरवी हगवण, शेजारपाजारची मर असं काही ना काही झालेलं असतं. जीवनसत्त्वाच्या कमतरतेत यातलं काहीच नसतं.

पंजे आत वळलेले, टाचेवर चालणं, पण डोळे तरतरीत आणि भूक चांगली: हे बी-२. साधारण पहिल्या तीन आठवड्यांत दिसतं.

डोकं दोन पायांमध्ये जाणं, पाठीवर पडून पाय झाडणं, तोल जाऊन एका बाजूला कलंडणं, आणि वय दोन ते चार आठवडे: व्हिटॅमिन ई-चा संशय घ्या. इथे लहान मेंदूलाच इजा होते, म्हणून कधी उपचार लागू पडतो, कधी पडत नाही.

पहिल्या तीन आठवड्यांतलं पिल्लू, आणि हातात धरलं की डोक्या-मानेला बारीक थरथर जाणवते, मोबाइल व्हायब्रेटवर असल्यासारखी: हा मेंदूचा विषाणूजन्य आजार असू शकतो, तो अंड्यातून आईकडूनही येतो. औषध नाही, पण काही पिल्लं वाचतात.

एक पाय पुढे, एक पाय मागे असं फाकून बसलेलं, दीड-दोन महिन्यांच्या पुढची तलंग, खाऊनही वाळत चाललेली, कधी एका डोळ्याची बाहुली वेडीवाकडी आणि बुबुळ राखाडी: हा मॅरेक नावाचा विषाणूजन्य आजार. हंगेरीच्या योझेफ मॅरेक यांनी १९०७ मध्ये त्याचं वर्णन केलं. आज लस आहे, उपचार अजूनही नाही.

मान दोरीसारखी ढिली, जमिनीवर पडलेली, पिसं ओढली की सहज हातात: कुजलेल्या मेलेल्या जनावरावरचे किडे खाल्ल्याने होणारी विषबाधा. आजूबाजूला मेलेली घूस किंवा कोंबडी पडली आहे का शोधा आणि आधी ती पुरा.

तोंडातून लाळ, अंग थरथरणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, आणि महिना जूनचा: बीजप्रक्रिया केलेलं बियाणं किंवा फवारलेल्या बांधावरचे किडे खाल्लेत का? कीटकनाशकाची विषबाधा घरी सुटत नाही. डब्यावरचं नाव लिहून घ्या आणि तडक दवाखाना गाठा, त्यावरचं इंजेक्शन डॉक्टरकडेच असतं.

आणखी एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे मीठ. लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं, खारवलेलं लोणचं, फरसाणाचा चुरा पिल्लांपुढे टाकला आणि पाणी कमी पडलं, तर त्यांना झटके येतात. अशा वेळी ओआरएस देऊ नका, त्यातही मीठच आहे. साधं पाणी थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्या.

औषधाआधी खाद्याचा डबा उघडा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच वगळली जाते. झाकण काढून वास घ्या. खवट वास येतो का? भरड्याच्या गुठळ्या झाल्यात, हिरवट-काळी बुरशी धरलीय? पावसाळ्यात कोकणात आणि पूर्व विदर्भात हे हमखास होतं. तांदळाचा कोंडा तर गिरणीतून आणल्यावर थोड्याच दिवसांत खवट होतो, कारण त्यातलं तेल लवकर बिघडतं. खवट तेल खाद्यातलं व्हिटॅमिन ई नासवतं. वर्षभर चांगल्या वाढणाऱ्या पिल्लांना श्रावणात अचानक झटके येऊ लागले तर पहिला संशय या डब्यावर घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे नुसती कणी. पिल्लं तांदळाच्या कणीवर आणि घरच्या शिळ्या भातावर वाढवायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. मोठी कोंबडी दिवसभर उकरून किडे, गवत, काय काय खाते आणि भरपाई करते. डालग्याखाली कोंडलेल्या पिल्लाला ती सोय नाही. पॉलिश केलेल्या तांदळात बी-१ आणि बी-२ दोन्ही फार कमी असतात. बी-१ चा शोध लागला तोही अशाच कोंबड्यांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्रिस्टियान आयकमन हे डच डॉक्टर जावा बेटावर बेरीबेरीवर काम करत होते. पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लंगडू लागल्या, पडू लागल्या. कोंड्यासकटचा तांदूळ मिळाल्यावर त्या उठल्या. या कामासाठी आयकमन यांना १९२९ चं नोबेल विभागून मिळालं.

तिसरं, किनारपट्टीवर: कच्ची मासळी. काही माशांच्या कच्च्या मांसात बी-१ मोडून टाकणारा घटक असतो. बाजारातून आणलेली मासळीची घाण रोज पिल्लांपुढे पडत असेल तर ती उकळून घाला. उकळल्यावर तो घटक निकामी होतो.

चौथं, रक्ती हगवणीवरचं एम्प्रोलियम. हे औषध जंतूला बी-१ मिळू देत नाही, म्हणूनच ते काम करतं. पण लेबलवरच्यापेक्षा जास्त दिवस किंवा जास्त मात्रा झाली की पिल्लालाही बी-१ मिळत नाही आणि मान वर जाते. कोर्स चालू असतानाच असं झालं तर डॉक्टरांना विचारून मगच औषध बंद करा. हगवण अजून असेल आणि बी-१ चा मोठा डोस दिला, तर हगवणीवरचं औषध निष्प्रभ होतं.

डब्यात यापैकी काहीही सापडलं तर ते सगळं खाद्य फेका. अर्धं वाळवून परत वापरू नका, बुरशीचं विष वाळवून जात नाही. मोठ्या कोंबड्यांनाही घालू नका. ताजा चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य आणा, छोटी गोणी, आणि सगळ्या पिल्लांना तोच सुरू करा.

खोक्यातला दवाखाना

मध्यम पुठ्ठ्याचं खोकं, बाजूंना भोकं. तळाला भाताचं तूस, त्यावर जुना टॉवेल किंवा गोणपाट. वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरतात आणि आधीच कमजोर असलेले पाय फाकतात. एका बाजूला ६० वॅटचा पिवळा बल्ब, पिल्लू पोहोचणार नाही इतक्या उंचीवर. दुसरी बाजू गार राहू द्या. पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण ३५ अंश सेल्सिअस लागतात, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. आजारी पिल्लाला त्याच्या वयापेक्षा दोन-तीन अंश जास्त ठेवा. पण लक्षात घ्या, निरोगी पिल्लू गरम झालं की स्वतः बाजूला सरकतं, याला सरकता येत नाही. त्यामुळे हात घालून बघत राहणं तुमचं काम. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल तर बल्ब वर घ्या. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात दिवसा बल्बची गरजच नसते.

टॉवेलची गुंडाळी करून गोल चुंबळ बनवा आणि पिल्लू त्यात बसवा, म्हणजे छाती टेकते, पाय पोटाखाली राहतात आणि ते कलंडत नाही. खोक्यावर अर्धं कापड टाका. अंधार आणि शांतता मिळाली की झटके कमी होतात. दर दोन-तीन तासांनी कूस बदला, शेपटीखाली विष्ठा चिकटली असेल तर कोमट पाण्याने पुसून कोरडं करा. उन्हाळ्या-पावसाळ्यात चिकटलेल्या विष्ठेवर माश्या बसून अळ्या पडतात.

पाणी आणि खाणं

मान वाकडी झालेली बहुतेक पिल्लं रोगाआधी तहानेने जातात. समोर वाटी असते, पण चोच तिथवर पोहोचत नाही.

आधी ऊब, मग पाणी. गार पडलेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या पिल्लाच्या तोंडात काहीही घालू नका. ऊब आल्यावर डाव्या हाताच्या मुठीत पिल्लू धरा, तर्जनी आणि अंगठ्याने डोकं हळूच सरळ रेषेत आणा. जबरदस्तीने पिळू नका, जेवढं येतं तेवढंच. एक मिलिची सुईविना सिरिंज घ्या आणि थेंब चोचीच्या कडेवर सोडा. ते पिल्लू स्वतः गिळतं, प्रत्येक थेंबानंतर जीभ हलताना दिसते. तोंड उघडून घशात पिचकारी मारायची नाही. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, एक चूळ तिथे गेली की पिल्लू हातातच जातं.

पहिले काही तास ओआरएस निम्म्या ताकदीचा, म्हणजे पाकिटावर सांगितलंय त्याच्या दुप्पट पाण्यात, तासाला काही थेंब. पिल्लू गिळतंय याची खात्री पटली की चिक स्टार्टर कोमट पाण्यात भिजवून, चाळून, पेजेइतका पातळ करून द्या. उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर बलक त्यात चालतो. दोनशे ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी पाच-सहा मिलि पुरे. पुढचं भरवण्याआधी अन्नपिशवी चाचपा. ती रिकामी झाली नसेल तर थांबा, वर भरत राहू नका.

जीवनसत्त्वं: किती आणि कशी

मेडिकलमध्ये बी-कॉम्प्लेक्सच्या काही गोळ्यांत बी-१ आणि बी-२ प्रत्येकी १० मिलिग्रॅम असतात, पाकिटामागे वाचून घ्या. एक गोळी बारीक कुटून १० मिलि उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळा. म्हणजे एका मिलित दोन्ही एकेक मिलिग्रॅम आलं. दोन-चार आठवड्यांच्या पिल्लाला यातला अर्धा ते एक मिलि, सकाळ-संध्याकाळ, वर सांगितल्याप्रमाणे थेंबाथेंबाने. पिल्लाची रोजची गरज एका मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते, तेव्हा हा डोस भरपूर झाला. ही बी जीवनसत्त्वं पाण्यात विरघळणारी असल्याने जादा झालेलं विष्ठेवाटे निघून जातं. द्रावण अंधारात झाकून ठेवा, उजेडात बी-२ नासतं. रोज ताजं करा.

व्हिटॅमिन ई-चा संशय असेल तर ४०० मिलिग्रॅमची कॅप्सूल टाचणीने टोचून त्यातले तीन-चार थेंब रोज एकदा, भिजवलेल्या खाद्यात कालवून. पोल्ट्रीच्या दुकानात ई आणि सेलेनियमचं एकत्र द्रावणही मिळतं. ते चालेल, पण लेबलवरच्या मात्रेच्या वर थेंबभरही नको. सेलेनियम जास्त झालं की तेच विष होतं.

कारण नक्की ठरत नसेल तर बी-कॉम्प्लेक्स आणि ई दोन्ही सुरू करायला हरकत नाही. अपवाद फक्त वर सांगितलेल्या एम्प्रोलियमचा. अँटिबायोटिक मात्र अंदाजाने नको. विषाणूवर ते चालत नाही, कमतरतेवर चालत नाही, आणि पुढे खरंच गरज पडेल तेव्हा लागू पडत नाही. लसूण, हळद, दारूचे थेंब, गरम तेलाचा मसाज यांबद्दल लोक छातीठोक सांगतात. अशा पिल्लांपैकी काही नुसत्या ऊब-पाण्यावरही उठतात आणि श्रेय लसणाला जातं.

वळलेल्या पंजांसाठी जाड पुठ्ठ्याचा पंजाएवढा तुकडा कापा, बोटं एकेक करून सरळ पसरा आणि कागदी चिकटपट्टीने, मेडिकलमध्ये जखमेसाठी मिळते तिने, अलगद चिकटवा. घट्ट नाही. रोज सोडून बोटांचा रंग बघा. लहान वयात, पंजे वळून दोन-चार दिवसच झाले असतील तर फरक पडतो. जुनं झालं की नस कायमची जाते.

वाट किती बघायची

बी-१ असेल तर काही तासांत ते दिवसभरात मान थोडी खाली येते. उपचारच निदान सांगतो तो असा. बी-२ ला दोन-तीन दिवस. व्हिटॅमिन ई-ला आठवडा किंवा जास्त, आणि तरी थोडा तोल जायचा राहू शकतो. रोज एकाच वेळी व्हिडिओ काढा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. डोळ्यांना ‘बरं वाटतंय’ असं दिसतं, काटा खरं सांगतो.

तीन दिवसांत काहीच फरक नाही, वजन उतरतंय, किंवा दुसरं पिल्लू पडलं, तर पिल्लू घेऊन दवाखान्यात जा. मेलं तर फेकू नका. हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधा, बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी शवविच्छेदनासाठी न्या. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या मेंदूची-नसांची तपासणी नीट होत नाही. एका मेलेल्या पिल्लाचं शवविच्छेदन उरलेल्या चौदांच्या उपयोगी पडतं. न्यायचं नसेल तर खोल खड्डा, वर चुना, कुत्री उकरणार नाहीत असा.

गिळता येत नाही, सतत झटके येतायत, किंवा मॅरेकने दोन्ही पाय गेलेत, तर डॉक्टरांना सांगून त्याची सुटका करणं हेच बरं. आठवडाभर भरवत राहण्यात दया नाही.

उरलेल्या पिल्लांचं

राणीखेतची लस लासोटा: पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी या राणीखेतच्याच दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. अडचण कुपीची असते. कुपी शंभर डोसांची, आपली पिल्लं बारा. म्हणून बरेच जण लसच टाळतात. वाडीतल्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात अंडी बसवली तर पिल्लं एका वयाची होतात आणि एक कुपी सगळ्यांना पुरते. लस बर्फात आणा, एकदा कालवली की दोन तासांत संपवा, उरलेली ठेवू नका. आजारी पिल्लाला त्या दिवशी लस देऊ नका.

मॅरेकची लस पहिल्याच दिवशी हॅचरीत देतात. एकदिवसाची पिल्लं विकत घेताना ती दिली आहे का विचारा आणि बिलावर लिहून घ्या. घरी खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ती मिळालेली नसते, तेव्हा बाहेरून आणलेली तलंग लगेच त्यांच्यात सोडू नका.

बरं झालेलं पिल्लू स्वतः खाऊ-पिऊ लागून आठवडा झाला की परत सोडायचं. आधी दोन दिवस जाळीच्या पलीकडे, मग संध्याकाळी दिवे लागताना खुराड्यात. राणीखेतचा संशय राहिलाच असेल तर मात्र ते पिल्लू निदान महिनाभर वेगळंच ठेवा. वर वर बरं दिसलं तरी त्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहू शकतो.